पाणी आधी येतं, नगरसेवक नंतर: पुण्यातल्या घरासाठी कमी खर्चाची आपत्कालीन तयारी

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुगला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत पाणी घरांत शिरलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा महापालिकेत दीडशेहून जास्त नगरसेवक होते. 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घुसलं, लष्कराला बोलवावं लागलं. तेव्हा एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणूक व्हायला 15 जानेवारी 2026 उजाडलं. नगरसेवक होते तेव्हाही पाणी आलं आणि नव्हते तेव्हाही.

हे ऐकून कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, मत देऊन काही होत नाही, आपलं आपण बघा. दुसरा म्हणतो, एवढा कर भरतो, आपण कशाला बघायचं? दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. ओढ्यावरचं अतिक्रमण तुमच्या घरातल्या टॉर्चनं हटत नाही, त्याला मतच लागतं. पण मताचं फळ पाच वर्षांत मिळालं तर मिळालं, आणि पाणी पहाटे चारला दारात येतं. मदत पोहोचेपर्यंतचे तीन दिवस आपले आपण काढता यावेत, एवढं या लेखाचं उद्दिष्ट आहे. चौघांच्या घराला सगळं मिळून साधारण तीन हजार रुपये लागतील, तेही तीन-चार महिन्यांत विभागून. अर्ध्या वस्तू तर घरातच असतात, फक्त एका जागी नसतात.

आधी आपलं पाणी कुठलं ते ओळखा

याला एक पैसा लागत नाही, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पुण्यात पाणी दोन वाटांनी येतं आणि दोन्हींची चाल वेगळी आहे.

पहिली वाट नदीची. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही धरणांची साखळी मिळून सुमारे 29 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यात शेवटचं खडकवासला अगदीच लहान, दोन टीएमसीचंही नाही. वरच्या धरणांचं पाणी आणि मधल्या डोंगरांवरचा पाऊस तिथे आला की ते भरायला वेळ लागत नाही, आणि भरलं की सोडावंच लागतं. त्यामुळे पावसाळ्यात बातमीत ‘खडकवासल्यातून इतके क्युसेक’ असं आलं की तो आकडा वाचायला शिका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. जुलै 2024 मध्ये विसर्ग 35,000 क्युसेकवर गेला होता. म्हणजे दर सेकंदाला दहा-दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर. नदीपात्रातला बुटका भिडे पूल बुडाला ही बातमी दरवर्षीचीच, तिनं घाबरायचं कारण नाही. आकडा दर दोन-तीन तासांनी वाढत चालला असेल आणि तुम्ही नदीकाठी तळमजल्यावर असाल, तर मात्र झोपायच्या आधी गाडी वर हलवा. एकतानगरीतल्या लोकांचं गाऱ्हाणं हेच होतं की सूचना वेळेवर पोहोचली नाही. भोंग्याची वाट न पाहता आकड्यावर हलायचं.

दुसरी वाट ओढ्या-नाल्यांची. इथे धरण नाही, विसर्ग नाही, आकडा नाही. वर कात्रजच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की खाली तासाभरात भिंती पडतात. घर ओढ्यालगत असेल, विशेषतः ओढ्याची सीमाभिंत हीच तुमची मागची भिंत असेल, तर तुमच्याकडे आवरायला वेळ नसतो. तुमची तयारी एकच: रात्री कुणाच्या घरी, कुठल्या जिन्यानं वर जायचं हे आधी ठरलेलं असणं.

नदीला दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत कुठल्या रेषेच्या आत पडते हे विकास आराखड्याच्या नकाशात बघता येतं. घर घेताना बिल्डर ते सांगत नाही. भाड्यानं घेतानाही विचारून घ्या.

टेकडीवर किंवा सहाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सगळं दुसऱ्यांचं वाटेल. त्यांच्या घरात पाणी शिरणार नाही, पण नळाला पाणी, लिफ्ट आणि इंटरनेट हे तिन्ही एकदम जाईल. पुढचा भाग त्यांच्यासाठीच जास्त.

पुरात आधी संपतं ते पिण्याचं पाणी

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. पूर ओसरला, पण शहर ज्या धरणावर पाणी पीत होतं तेच गेलं होतं. पाण्यात बुडालेल्या गावाला प्यायला पाणी नाही, हा प्रकार पुण्यानं पाहिलेला आहे.

हिशेब असा. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज चार लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, 48 लिटर. झाकणाचे 20 लिटरचे दोन जार आणि दोन लिटरच्या चार बाटल्या. जार नवे घेतलेत तर चार-पाचशे रुपये, बाटल्या शीतपेयाच्या रिकाम्या चालतात. दुधाच्या किंवा तेलाच्या नकोत, वास आणि चिकटपणा जात नाही. हे पाणी वर्षभर तसंच ठेवायचं नाही. देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिका बहुधा गुरुवार धरते. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी जुनं पाणी झाडांना किंवा फरशीला आणि नवं भरून ठेवायचं, असा वार लावून घ्या. गुरुवार जाहीर झाला तरी तुमचं काही अडत नाही आणि साठाही ताजा राहतो.

वापरायच्या पाण्यासाठी बाथरूममध्ये झाकणाचं पिंप. झाकण घट्ट हवं. उघड्या पिंपात डेंग्यूचे डास होतात आणि मग आपत्ती आपणच घरी आणलेली असते.

आता मुख्य गोष्ट. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं तर नळाला येणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी ते मैलापाणी समजा. पंप लगेच बंद करायचा, टाकी उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरनं निर्जंतुक केल्याशिवाय वर पाणी चढवायचं नाही. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडेच वळली होती, आणि तेव्हा तर पूरही नव्हता.

शंका असली की पाणी उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट. गॅस नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या, आणि प्रमाण बाटलीवर छापलेलंच, कारण प्रत्येक कंपनीची तीव्रता वेगळी असते. अर्धा तास थांबायचं. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि ज्या आरओ मशिनवर आपला सगळा विश्वास असतो, ते वीज गेल्यावर भिंतीवरचा डबा होतं. माळ्यावर आईचा स्टीलचा कँडलचा फिल्टर पडला असेल तर खाली काढा, कँडल नवी घाला. त्यातलंही उकळूनच प्या, पण गाळून तरी मिळेल.

जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसची पाकिटं असली तर उत्तमच, पाच-सहा घेऊन ठेवा.

वीज

एका शनिवारी तपकीर गल्लीत जा. चार्जिंगचा एलईडी बल्ब (वीज गेली तरी होल्डरमध्ये तीन-चार तास जळतो), डोक्याला बांधायचा टॉर्च आणि राउटरला लावायचा छोटा यूपीएस, तिन्ही तिथे घासाघीस करून मिळतं. यूपीएस हजाराच्या आसपास जातो. पैसे कमी असतील तर तो सोडा, टॉर्च सोडू नका. डोक्याचा टॉर्च हाताच्या टॉर्चपेक्षा लाख पटीनं बरा, कारण अंधारात जिना उतरताना एका हातात आजी असते आणि दुसऱ्या हातात पिशवी. मेणबत्त्या देवापुढे ठीक. पूर आणि गॅसगळती ज्या रात्री एकत्र येऊ शकतात त्या रात्री काडी पेटवायची नाही.

10,000 एमएएचची पॉवर बँक साधा फोन एकदा, फार तर दीडदा भरते. पावसाळ्यात ती कायम भरलेली ठेवा.

सुरक्षिततेचं एक काम फुकट आहे. घरातल्या मुख्य बोर्डावर बहुधा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) असतो, त्यावर ‘टेस्ट’ असं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. वीज खटकन गेली पाहिजे. नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, हा खर्च टाळू नका. आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: पाण्यात उभं राहून मीटरच्या खोलीत जायचं नाही. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांचे मीटर पार्किंगमध्येच आहेत. तिथे पाणी भरलं की महावितरणला 1912 वर फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचा. जुलै 2024 च्या त्याच पावसात डेक्कनच्या पुलाची वाडीत हातगाडी वाचवायला गेलेले तिघे विजेच्या धक्क्यानं गेले. कुठलीही गाडी, गाय, फ्रिज माणसाहून महाग नाही.

गॅसशिवायचं खाणं

इथे आपल्या स्वयंपाकघराला कुणी काही शिकवायला नको. परदेशी याद्यांमधले डबाबंद पदार्थ महाग आणि आपल्याकडे कुणी खात नाही. पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, सातूचं पीठ, खजूर, मेतकूट, लोणचं, दुधाची पावडर. पातळ पोहे पाण्यानं नुसते भिजवून मेतकूट, मीठ, कच्चं तेल आणि लोणच्याचा खार घातला की पोटभर जेवण होतं. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की लहान मुलांचंही भागतं. तीन दिवसांचा हा साठा चौघांना पाच-सहाशे रुपयांत बसतो. वेगळा डबा करा, पण वर्षभर बंद ठेवू नका. दर महिन्याच्या वाणसामानात नवं आणायचं, जुनं खायचं.

पाणी चढतंय असं दिसलं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा. पुरात सिलिंडर तरंगतो, नळी तुटते. गळतीचा वास आला तर 1906.

फाईल आणि पिशवी

मुलांचं जुनं दप्तर घ्या, नवं विकत आणू नका. वजन सहा-सात किलोच्या वर नको. त्यात एक दोर, एक पातळ ताडपत्री, शिटी, एकेक कपडा, सॅनिटरी पॅड, साबण, पावसाळी चपला, कात्री. ताडपत्री आणि दोर बोहरी आळीत वजनावर किंवा मीटरवर मिळतात, उपनगरातल्या दुकानापेक्षा बरेच स्वस्त. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर वीज गेल्यावर ते कशात गार ठेवायचं हे आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. सुटे पैसे दोन हजारांपर्यंत, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. नेटवर्क गेलं की भाजीवाल्याचा क्यूआर कोड ही नुसती पाटी असते.

झिपच्या प्लास्टिकच्या पाकिटात कागद: आधारच्या प्रती, इंडेक्स टू किंवा भाडेकरार, विम्याच्या पॉलिसीचं पहिलं पान, रेशनकार्ड, प्रत्येकाचा रक्तगट, आणि दहा फोन नंबर हातानं लिहिलेले. 112, अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077. मोबाइल आल्यापासून आपल्याला स्वतःच्या बायकोचाही नंबर पाठ नसतो. याच पाकिटात सगळ्यांची मतदार ओळखपत्रं आणि यादीतल्या नावाची छापील प्रत ठेवा. तिचं कारण पुढे येतंच.

पूर ओसरल्यावर लगेच झाडलोट सुरू करू नका. आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची खूण, प्रत्येक खोली, प्रत्येक बिघडलेली वस्तू. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते आणि स्वच्छ घराचा पंचनामा होत नाही. बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टची जोड लागते.

जिना

पिशवीहूनही उपयोगाचा ठरतो तो जिना, म्हणजे एका जिन्यावर राहणारी माणसं. एक कागद करा: कोण एकटं राहतं, कुणाला चालता येत नाही, कुणाकडे तान्हं बाळ आहे, कोण डॉक्टर किंवा नर्स, कुणाकडे इन्व्हर्टर, तळमजल्यावरचे लोक रात्री कुणाकडे वर जातील. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ‘रात्री वेळ आली तर आम्ही तुमच्याकडे येऊ हां’ हे उन्हाळ्यात, चहा पिताना सांगून ठेवायचं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारे शंभर जण असतात. अंधारात दार ठोठावायला दोनच नेमलेले हवेत.

मतदानाचं काम, चिडचिडीसकट

हाच जिना मतदानालाही कामी येतो, कारण तिथली पंचाईतही अशीच ऐनवेळी कळते. सकाळी आवरून, रांगेत उभं राहून टेबलाशी पोहोचल्यावर समजतं की यादीत नाव नाही. किंवा नवऱ्याचं नाव शाळेत आणि बायकोचं दीड किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयात. किंवा वारलेल्या सासऱ्यांचं नाव आहे आणि जिवंत सुनेचं नाही. संताप खरा असतो, पण त्या दिवशी त्या टेबलावरच्या शिक्षकाच्या हातात काहीच नसतं. हे आधी करायचं काम आहे.

ओळखपत्र खिशात असणं आणि यादीत नाव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट अशा मान्य कागदांवर मत देता येतं. नाव नसेल तर ओळखपत्र दाखवूनही नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा 1950 वर नाव तपासा, वर्षातून दोनदा, समजा गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला किंवा चूक दुरुस्त करायची तर फॉर्म 8, मृत व्यक्तीचं नाव काढायला फॉर्म 7. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांनी गॅसचा पत्ता बदलतानाच फॉर्म 8 भरायचा. पावतीचा क्रमांक त्या झिपच्या पाकिटात.

महापालिकेच्या निवडणुकीत आणखी एक गोम असते. ती राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच फोडून प्रभागवार करतात, तीही एका ठरावीक तारखेची. 2026 च्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. त्यानंतर फॉर्म भरणाऱ्याचं नाव विधानसभेच्या यादीत आलं तरी पालिकेच्या यादीत नव्हतं. प्रारूप यादी हरकतींसाठी लागते तेव्हा आपला प्रभाग बरोबर पडलाय का ते बघायचं. तेव्हा जिन्यातल्या एकानं सगळ्यांची नावं बघितली तर अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून घरी येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तिची नोंद असते. फोन केंद्रात चालत नाही, म्हणून यादीतल्या क्रमांकाची छापील प्रत.

आणि चारचा प्रभाग. एका मतदाराला चार मतं, चार जागांवर. कचरा उचलला नाही तर चौघांपैकी कुणाला धरायचं? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यावर एकच उपाय सापडतो: तक्रार चौघांनाही एकाच वेळी, लेखी, आणि क्षेत्रीय कार्यालयाला प्रत. कुणाचं काय उत्तर आलं ते तारखेसह लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी चौघं एकाच गाडीतून हात हलवत आले की वही उघडता येते.

मत दिल्यानंतरची पाच वर्षं

प्रचारात आलेल्या माणसाला ‘विकास कधी?’ विचारलं तर तो हसून पुढे जातो. ‘आमच्या मागचा ओढा मे महिन्यात साफ झाल्याचं बिल निघालं, गाळ कुठे टाकला?’ विचारलं की थांबतो. असा प्रश्न विचारायला कागद हातात हवा.

पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर तुंबलेल्या चेंबरचा फोटो टाका, तक्रार क्रमांक जपा. काम न करताच तक्रार ‘निकाली’ दाखवली तर नव्या फोटोसह पुन्हा टाका आणि जुना क्रमांक लिहा. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे, पाच लाखांपर्यंतच्या लहान कामांसाठी. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. बाकं आणि कमानी मागण्याऐवजी पावसाळी गटाराची जाळी, ओढ्याकाठचा दिवा मागा. जिन्यातल्या दहा घरांनी एकच काम मागितलं तर त्याला वजन येतं.

नालेसफाईचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागायचा. अर्ज साध्या कागदावर, शुल्क 10 रुपये. प्रश्न मोघम नको: अमुक ओढ्याच्या अमुक पुलापासून अमुक पुलापर्यंत पावसाळापूर्व सफाईचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो आणि अदा केलेली रक्कम. जून उजाडल्यावर नको, मार्चमध्येच मागच्या वर्षीचं मागा, म्हणजे यंदाचं काम सुरू असताना उत्तर हातात असेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं, त्याला 20 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.